व्हिडिओ पाहून गिटार बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार बनवायला शिकवणारा कारागीर ओहायोत नाहीतर इंग्लंडमध्ये, हीटर चालू असलेल्या कार्यशाळेत उभा असतो. तुम्ही जुलै महिन्यात डोंबिवलीच्या गॅलरीत. पटाशी तीच, पण लाकूड वेगळं वागतं, डिंक वेगळा वागतो आणि व्हिडिओतली निम्मी सामग्री आपल्या हार्डवेअरवाल्याने कधी पाहिलेलीही नसते. खालची उत्तरं मुख्यतः या फरकाबद्दल आहेत. रंधा कसा धरायचा हे व्हिडिओवाले माझ्यापेक्षा चांगलं दाखवतात.

आयुष्यात कधी रंधा धरलेला नाही. जमेल का?

जमेल, पण पहिला महिना गिटारला हात लावायचा नाही. रंधा आणि पटाशीला धार लावायला शिका. मनगटावरचा केस सहज उतरला पाहिजे. मग दोन फूट लांबीच्या दोन स्वस्त पातळ फळ्या घ्या, त्यांच्या कडा रंधून एकमेकींना भिडवा आणि खिडकीकडे धरा. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. दिसायची थांबली की तुम्ही तयार. गिटारचा टॉप (तारांखालची पुढची फळी) आणि बॅक (पाठ) अशाच दोन-दोन फळ्या जोडून बनतात, आणि तिथे शिकंजा आवळून फट मिटवता येत नाही. मिटल्यासारखी वाटते, आणि मे महिन्यात उघडते.

कुठले धडे घ्यावेत? फुकटचे की पैसे भरून?

एकाच माणसाने एकच गिटार पहिल्या फळीपासून शेवटच्या तारेपर्यंत बनवलेली मालिका निवडा. ही अट सगळ्यात महत्त्वाची. दहा जणांचे दहा व्हिडिओ पाहिले की नेकचा म्हणजे दांड्याचा कोन एकाचा, ब्रिजची म्हणजे तारांच्या घोडीची उंची दुसऱ्याची आणि टॉपचा बाक तिसऱ्याचा होतो, आणि ही तीन मापं एकमेकांवर अवलंबून असतात. प्रत्येकाचं त्याच्या जागी बरोबर असतं, तुमची गिटार मात्र वाजत नाही.

अमेरिकेतल्या रॉबर्ट ओब्रायन यांचे विकतचे व्हिडिओ कोर्स बऱ्याच काळापासून लोक वापरतात. त्यात क्रम नीट लावलेला असतो. स्ट्यूमॅक ही ओहायोतल्या अथेन्स गावची कंपनी अवजारं विकते आणि सोबत फुकट व्हिडिओही देते. ते एकेका कामासाठी उत्तम, विशेषतः फ्रेटच्या (नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या) कामासाठी, फक्त प्रत्येक कामाला त्यांचं एक खास अवजार लागतं हे लक्षात ठेवून पाहा. बारा मिनिटांत अख्खी गिटार बनवणारे, मागे पियानो वाजणारे व्हिडिओ जेवताना पाहायला छान असतात.

पूर्ण मालिका आधी एकदा सलग पाहून घ्या, हात न लावता. मग प्रत्येक टप्प्याला वही घेऊन बसा आणि सगळी मापं मिलिमीटरमध्ये उतरवून काढा.

पहिली गिटार कोणती? अकूस्टिक, क्लासिकल की इलेक्ट्रिक?

सरळ हिशोब केला तर टेलिकास्टरच्या धाटणीची इलेक्ट्रिक. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमाराला ती बाजारात आणली तेव्हा बॉडी म्हणजे एक सपाट फळी आणि नेक चार स्क्रूंनी बसवलेली, अशी कारखान्यात भराभर जुळवता येईल अशीच तिची रचना होती. घरी बनवणाऱ्यालाही ती तितकीच सोयीची पडते. कोन चुकला तर नेक काढून पुन्हा बसवता येते.

पण तुम्ही अकूस्टिक वाजवत असाल तर अकूस्टिकच बनवा. न वाजणाऱ्या वाद्यावर कोणी सात-आठ महिने शनिवार-रविवार घालवत नाही. तेव्हाही नेक बोल्टने बसणारी असू द्या. सराव म्हणून आधी युकुलेले करावी असं पुष्कळ जण सुचवतात. लाकूड कमी लागतं हे खरं, मात्र तिच्या साइडचं (बाजूच्या पट्टीचं) वळण लहान असल्याने वाकवायला ती गिटारपेक्षा कटकटीची आहे.

अवजारं किती लागतील?

व्हिडिओत दिसतात त्याच्या पावपट. एक चांगला छोटा रंधा, ६, १२ आणि २० मिमीच्या पटाश्या, बारीक दातांची करवत, फ्रेटसाठी वेगळी करवत, कानसा, गुण्या, स्टीलची मीटरभर सरळ पट्टी, डिजिटल कॅलिपर आणि हातात मावणारा राउटर. अमेरिकेतून यंत्र मागवू नका, ते ११० व्होल्टवर चालतं.

खरा खर्च शिकंज्यांचा. कितीही असले तरी दोन कमीच पडतात. ब्रेस (टॉप-बॅकला आतून लावायच्या आधाराच्या पट्ट्या) चिकटवण्यासाठी परदेशी कारागीर खालीवर दोन फळ्यांची चौकट करून मध्ये फायबरच्या काड्या कमान करून अडकवतात. त्या काड्यांच्या जागी बुरुडाकडच्या बांबूच्या कामट्या घ्या. जाडी सारखी तासून घेतली की दाब अगदी तसाच पडतो. बाइंडिंग (बॉडीच्या कडेची पट्टी) आवळायला स्कूटरच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी पुरते.

सुताराकडून थोडं काम करून घेतलं तर?

लाकूड चिरून आणि जाड रंधून घ्यायला जरूर जा. मात्र आपला सुतार सुतांत बोलतो, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीपेक्षा थोडा जास्त. गिटारच्या अख्ख्या टॉपची जाडीच सुताच्या आत असते. तेव्हा साइड आणि टॉप त्याच्याकडून हव्या मापापेक्षा दीड मिमी जाडच आणा, पुढचं आपल्या हाताने.

गिटारचा नकाशा कुठे छापायचा?

वास्तुविशारदांची कामं करणाऱ्या मोठ्या झेरॉक्सच्या दुकानात प्लॉटर असतो. एकास एक छापा म्हणून सांगा, ‘कागदात बसवा’ हा पर्याय बंद करायला लावा, आणि दुकानातून निघण्याआधी नटपासून (नेकच्या डोक्याकडची, तारा टेकायची खाचेदार पट्टी) बाराव्या फ्रेटचं अंतर पट्टीने मोजा. ६४८ मिमी तारेच्या गिटारला ३२४ मिमीच्या ऐवजी ३२१ भरलं तर तो कागद रद्दी.

लाकूड कोणतं आणि कुठून?

टॉपसाठी स्प्रूस किंवा वेस्टर्न रेड सीडर. दोन्ही थंड प्रदेशातली झाडं, आपल्या वखारीत मिळत नाहीत; वाद्यासाठी चिरलेल्या जोड फळ्या बाहेरूनच मागवाव्या लागतात. मागवताना विक्रेत्याकडून फायटोसॅनिटरी (लाकडात कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र मिळेल का हे आधी विचारा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं.

बॅक, साइड आणि फ्रेटबोर्ड मात्र आपल्याच घरचं. १९६९ मध्ये मार्टिन कंपनीने ब्राझिलियन रोझवूड मिळेनासं झाल्यावर भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून जगभरातल्या गिटारींच्या पाठीला दक्षिण भारतातलं शिसव लागलं आहे. व्हिडिओतला माणूस ज्या फळीला ‘ईस्ट इंडियन’ म्हणून जपून हाताळतो, ती मुळात इकडूनच गेलेली असते.

महागडं लाकूड नसेल तर आवाज येणार नाही ही भीती सोडा. स्पेनच्या आंतोनिओ दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये बॅक आणि साइड चक्क पुठ्ठ्याच्या केलेली गिटार बनवली, टॉप तेवढा स्प्रूसचा. आवाज टॉप आणि त्याखालच्या ब्रेसमधून येतो हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आंबा किंवा तून वापरून बॅक-साइड करायला काहीच हरकत नाही.

गावच्या घरातला जुना शिसवी पलंग मोडीत निघतोय. चालेल का?

चालेल काय, धावेल! पन्नास-साठ वर्षं सुकलेलं लाकूड विकत घेऊ म्हटलं तर मिळत नाही. कापण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा आणि टोकाकडून पाहा: वाढीच्या रेषा फळीच्या रुंद बाजूला जवळजवळ काटकोनात उभ्या असतील तो भाग साइड-बॅकला, बाकीचा ब्रिज आणि फ्रेटबोर्डला. घरच्या मोठ्यांना आधी विचारा, एवढं सांगणं माझं काम.

जुना सागही असाच हाती येतो. साग टिकाऊ, पण तेलकट. चिकटवण्याच्या पाच मिनिटं आधी ॲसिटोनने पुसला नाही तर सांधा धरत नाही. नेकला चालतो, जरा जड होतो.

पावसाळ्यात काम बंद ठेवायचं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि व्हिडिओत त्याचं उत्तर नसतं, कारण तिकडची कार्यशाळा बाराही महिने ४५ ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवलेली असते. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात ती ८५ च्या वर जाते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी २० च्या खाली.

लाकूड हवेतली वाफ घेतं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. ४०० मिमी रुंदीचा स्प्रूसचा टॉप दमट हवेतून अगदी कोरड्या हवेत गेला तर रुंदीला पाचेक मिमी आक्रसायला बघतो. सुटी फळी खुशाल आक्रसते. पण तुम्ही तिला ऐन श्रावणात आडव्या ब्रेस चिकटवून ठेवल्या असतील, तर ब्रेस तिला हलू देत नाही. पुढच्या उन्हाळ्यात एके रात्री टचकन आवाज येतो आणि सकाळी टॉपला उभी चीर दिसते. उलट, कोरड्या दिवसांत बांधलेली गिटार पावसाळ्यात थोडी फुगते, पोट जरा पुढे येतं, तारा उंचावतात. ते सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकायची पट्टी) घासून निभावता येतं. म्हणून नियम असा: चूक करायचीच तर कोरड्या बाजूला करा.

पुण्यात आणि देशावर डिसेंबर ते फेब्रुवारी हे ब्रेसिंगचे आणि बॉडी बंद करण्याचे महिने. पावसाळ्यात नेक कोरा, फ्रेटचे खाचे पाडा, साचा बनवा. मुंबईत थांबायला वेळच नसेल तर लहान खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर लावा. टॉप, बॅक आणि ब्रेसचं लाकूड आधी दोन आठवडे त्याच खोलीत ठेवा आणि चिकटवल्यावर डिंक पूर्ण वाळेपर्यंत बाहेर काढू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी उन्हाळ्यात कूलरसमोर काम करू नये, तिथे आर्द्रता तासाभरात कुठल्या कुठे जाते.

आर्द्रतामापक स्वस्तातला घेतलात तरी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात चिखल होईल इतपतच पाणी घाला, मापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यात ७ मिळवा.

फेविकॉल चालेल का?

साच्याला, जिगला, सरावाला खुशाल. गिटारच्या सांध्यांना नको. नेहमीचा पांढरा डिंक वाळल्यावरही किंचित लवचिक राहतो. कपाटाला त्याने फरक पडत नाही, पण स्टीलच्या लाइट तारांचा संच सुरात लावला की सत्तर किलोच्या वर ओढ पडते, तीही रात्रंदिवस. ब्रिज महिनोन् महिने कणाकणाने पुढे सरकतो. बंद गाडीत भर उन्हात गिटार राहिली तर महिनेही लागत नाहीत. पिवळा डिंक वापरा, टाइटबाँड ओरिजिनल ऑनलाइन मिळतो. बाटलीवरची तारीख पाहा, जुना घेऊ नका.

मी शुद्ध शाकाहारी आहे. सरस आणि हाडाचा नट लागतोच का?

नाही. सरसाची जागा वर सांगितलेला पिवळा डिंक घेतो. नट आणि सॅडलसाठी कृत्रिम साहित्याचे तयार तुकडे मिळतात, पितळही चालतं. मोत्यासारखी चमक असलेली ठिपक्यांची नक्षी बहुधा शिंपल्याची असते, तेही विचारून घ्या.

टॉप नक्की किती पातळ करायचा?

इथे व्हिडिओ सगळ्यात जास्त फसवतो. कारागीर फळी कानाशी धरतो, टिचकी मारतो, मान डोलावतो आणि म्हणतो, झाली. तुम्हाला मोबाइलच्या स्पीकरमधून ऐकू येतं ते फक्त टक.

आकड्यांपासून सुरुवात करा. स्टीलच्या तारांच्या गिटारला स्प्रूसचा टॉप साधारण २.५ ते ३ मिमी, क्लासिकलला त्याहून पातळ. जोडलेली फळी साडेतीन मिमीला आली की थांबा. वरच्या कडेपासून साधारण पाव लांबीवर, एका बाजूला चिमटीत धरा आणि मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारा. आवाज ऐकून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. मग फळी दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी आधी लांबीच्या दिशेने आणि मग रुंदीच्या दिशेने हलकीच वाकवा. लांबीला ती जवळपास हलत नाही, रुंदीला देते. आता दोन-तीनदा पूर्ण रंधा फिरवा, कॅलिपरने दहा ठिकाणी मोजा आणि पुन्हा तेच. सव्वातीनच्या आसपास नाद खाली उतरायला लागतो आणि जास्त वेळ टिकतो. तीनच्या खाली रुंदीच्या दिशेने फळी एकदम सैल वाटायला लागते. एकाच फळीवर हा बदल ओळीने अनुभवला की व्हिडिओतला माणूस कशाला मान डोलावतो ते कळतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या गिटारला २.९ वर रंधा खाली ठेवा. आवाज थोडा घट्ट येईल. पण बॉडी बंद झाल्यावरही कडेकडेने पॉलिश पेपर मारून बाहेरून पातळ करता येतं. जाडी परत आणता येत नाही.

साइड वाकवताना दर वेळी मोडते.

जाडी मोजा. दोन मिमीच्या थोडी वर असेल तर आधी ती उतरवा. मग आच. पाइपवर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच उडून गेला पाहिजे. नुसता सुरसुरत बसला तर पाइप थंड आहे. लाकडावर जोर द्यायचा नाही, ते आपणहून सैल पडतं आणि हाताला कळतं. आधी त्याच फळीच्या चार पट्ट्या मोडून पाहा.

एक सूचना जिवाची: घरगुती पाइप करताना नळाचा जस्त चढवलेला पाइप तापवू नका, जस्ताचा धूर विषारी असतो. साधा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा घ्या.

फ्रेटची गणितं कशी करायची?

सोपी आहेत. नट ते सॅडल जी लांबी धरली तिला १७.८१७ ने भागा, तो पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, तो दुसरा. ६४८ मिमीला पहिला ३६.३७ वर, दुसरा ७०.७० वर आणि बारावा बरोबर ३२४ वर येतो. प्रत्येक खूण नटपासूनच मोजायची, मागच्या फ्रेटपासून नाही; नाहीतर विसाव्या फ्रेटपर्यंत केसाकेसाच्या चुका साचून सूर बिघडतो. खाचा जेमतेम ०.६ मिमी रुंद लागतो, म्हणून फ्रेटची करवत वेगळी घ्यायची. सॅडल मात्र ६४८ वर नसतो: बारीक तारेकडे दोन-अडीच आणि जाड तारेकडे पाचेक मिमी मागे, तिरका. तार दाबली की ती किंचित ताणली जाते, त्याची ही भरपाई.

मिरजेच्या कारागिरांकडून काही शिकता येईल का?

गिटार नाही, पण हात शिकता येतो. सतारमेकर गल्लीत एक दिवस नुसतं बसून पाहा. भोपळा, तून आणि तबली (भोपळ्यावरची पातळ लाकडी फळी). पातळ लाकूड किती न घाबरता हाताळतात ते बघण्यासारखं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी काढताना (घोडीचा माथा घासून सूर खुलवताना) घोडीवर कानस किती हलकी फिरते ते विशेष पाहा, नट आणि सॅडल घासताना तोच हात लागतो. कामात असलेल्या माणसाला प्रश्न विचारून हैराण करू नका, चहाच्या वेळी विचारा.

पॉलिश कोणतं?

पहिल्या गिटारला फ्रेंच पॉलिश. चपडी (लाखेच्या पापड्या), स्पिरिट, सुती कापडाची पोटली आणि चिकाटी, यंत्र काही नाही. क्लासिकल गिटारवाले जगभर यालाच मान देतात, आणि लाख तर आपल्या झारखंडातली. पावसाळी हवेत लावलं की पांढुरकं धुकं येतं, तेव्हा कोरड्या दिवशी लावा. आणि लागेल तेवढंच कालवा, जुनं मिश्रण वाळत नाही.

फ्लॅटमध्ये करू शकतो का?

राउटर सोडून सगळं. तो आवाज सोसायटी सहन करत नाही, सुट्टीच्या दुपारी तर नाहीच. ते काम ओळखीच्या सुताराच्या दुकानात उरकून या. धुळीकडे दुर्लक्ष करू नका. शिसवाच्या धुळीने अनेकांना पुरळ आणि दम्याचा त्रास होतो, म्हणून चांगला मास्क लावा आणि घासकाम घरातल्या लहान मुलांपासून लांब करा.

खर्च आणि वेळ?

वेळ दीडशे-दोनशे तास धरा. रुपयांत आकडा सांगत नाही, कारण टॉप, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) आणि ट्रस रॉड (नेकमधली तिचा बाक सांभाळणारी सळई) बाहेरून येतात आणि डॉलर अन् कस्टम ड्यूटी बदलली की आकडा बदलतो. एवढं नक्की की पहिली गिटार त्याच दर्जाच्या विकतच्या गिटारपेक्षा महाग पडते. पैसे वाचवायला हा उद्योग करू नका.

तारा चढवल्या, पण झणझण येते.

घाबरू नका, आणि सॅडलकडे लगेच धावू नका. आधी नेक: पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार एकाच वेळी दाबा, मध्ये सातव्याजवळ तारेखाली कागद सरकण्याइतकी फट हवी. नसेल तर ट्रस रॉड थोडा सैल करा. मग एकेक फ्रेट वाजवून पाहा. एकाच जागी झणझण असेल तर पुढचा फ्रेट उंच राहिलाय, ठोकून बसवा किंवा घासा. नुसती मोकळी तारच झणझणत असेल तर नटचा खाचा खोल गेलाय. सगळीकडेच असेल तर मग सॅडल. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिमी आणि बारीक तारेखाली दोनच्या आतबाहेर अंतर सोसणारं असतं.

शिसवाची गिटार परदेशात नेता येईल का?

२०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात गेल्या तेव्हा बरीच पंचाईत झाली होती. २०१९ च्या दुरुस्तीने तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला ती लागू नाही, ते पहिल्या परिशिष्टात आहे. सुट्या फळ्या सोबत न्यायच्या असतील तर नियम वेगळे, आधी वनखात्याकडे चौकशी करा. विमानात न्याल तेव्हा तारा थोड्या सैल करा आणि केसमध्ये ओलावा टिकवून ठेवणारी पुडी ठेवा.